बोटीचा नवा पंखा

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला गरीब गाय समजणार नाही. यवतमाळच्या कडेला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझं पंपदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवते. विहिरीचे, बोअरचे पंप उघडायचे, जळालेली मोटार नव्यानं भरायची, झिजलेला इंपेलर बदलायचा. इंपेलर म्हणजे पंपाच्या पोटातला पातीवाला भाग, जो गरगर फिरून पाणी फेकतो. आमच्याकडे त्याला सगळे पंखाच म्हणतात. बाई पंप उघडते म्हटल्यावर नवं गिऱ्हाईक अजूनही आधी माझ्या पाठीमागे कोणी पुरुष उभा आहे का ते पाहतं. मी पाहू देते. मग विचारते, सापडला का.

आमच्या धंद्यात एक गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली असते की तिचा कोणी विचारही करत नाही. थ्री फेजची मोटार जोडली आणि ती उलटी फिरली तर पाणी येतं, पण मुळमुळीत येतं. मग स्टार्टर बंद करायचा, तीन तारांपैकी दोघींची अदलाबदल करायची आणि पुन्हा चालू करायचा. पाइपातून पाणी उसळून बाहेर पडतं आणि शेतकरी मेकॅनिककडे कौतुकानं पाहतो. त्यात कौतुकासारखं काही नाही. दिशा ही आमच्याकडे सगळ्यात शेवटी, दोन तारांनी ठरवायची वस्तू आहे. माझी पंचवीस वर्षं या दोन तारांच्या भरवशावर गेली.

वडिलांचा मात्र एक नेम होता. जुना भाग काढला की पोतं अंथरून त्यावर ठेवायचा, त्याच्या शेजारी नवा ठेवायचा आणि एक विडी संपेपर्यंत दोन्हींकडे नुसतं पाहत बसायचं. मगच नवा बसवायचा. मला ते उगाच वेळ घालवणं वाटायचं. मी त्यांना म्हणायची, विडी ओढायला निमित्त पाहिजे म्हणून तुम्ही हा नेम काढला. ते हसायचे आणि विडी ओढत राहायचे.

महागाव तालुक्यात पैनगंगेच्या काठी एका गावात मासेमारांची सोसायटी आहे. त्यांनी कुठूनतरी एक जुनी जेट बोट आणली होती. या बोटीला खाली पाण्यात फिरणारी उघडी पाती नसतात. मागच्या मोटारीच्या पायातच एक पंप असतो. तो तळाच्या जाळीतून पाणी ओढतो, मागे जोरानं फेकतो, आणि त्या धक्क्यानं बोट पुढे जाते. नदीत जागोजाग खडक, साध्या मोटारीची पाती सारखी तुटायची, म्हणून त्यांनी ही घेतली. खडकाचा त्रास गेला, पण रेती आणि बारीक गोटे पंपात शिरायला लागले आणि आतला पंखा झिजत गेला.

उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावलं. बोट चालवणारा माणूस चाळिशीचा, बोलायला अगदी कंजूष. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला ताई. नवा पंखा बाजारात लवकर मिळेना. मी म्हटलं, त्यात काय, मी ओतून घेते. नदीच्या रेतीवर आडवी झाले, जाळी काढून खालून पुठ्ठा पात्यांवर दाबला, त्यांचा छाप घेतला, मापं लिहून घेतली. पंखा पुरता काढला नाही, कारण संध्याकाळी त्यांना बोट पाहिजे होती.

तो पुठ्ठा मी लोहाऱ्यातल्या एका लहानशा फाउंड्रीत नेऊन दिला. तिथला मिस्त्री म्हातारा आणि काळजीवाला. त्यानं पुठ्ठा हातात घेऊन इकडून पाहिला, तिकडून पाहिला. तेलाचे डाग दोन्हीकडून लागलेले होते. पात्यांचं तोंड कोणत्या बाजूला आहे, असं त्यानं मला विचारलं. मी तेव्हा फोनवर कोणाशीतरी भांडत होते. मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, "काढ ना कसंबी. फिरवाचं काम आमचं हाये."

हे वाक्य मी आजवर किती जणांना ऐकवलं असेल याला गणती नाही. त्यानं पुन्हा विचारलं नाही. आठ दिवसांनी पंखा तयार झाला. गनमेटलचा, पितळेसारखा पिवळाधमक, तीन पात्यांचा. इतका सुरेख की मी तो दोन दिवस टेबलावर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला ठेवला. मग पेरणीचे दिवस आले, सगळ्यांचे पंप एकदम बिघडले, आणि बोटीचा पंखा फळीवर पडून राहिला. जुना अजून ओढतो आहे, असं भाऊनं कळवलं होतं.

त्या पावसाळ्यात चार दिवस झड लागली. पाचव्या दिवशी सकाळी भाऊचा फोन आला. एरवी तीन शब्दांत काम भागवणारा माणूस, त्या दिवशी एका दमात सगळं बोलला. नदीनं गाव आणि शिवार यांच्यामध्ये शिरून नवीनच वाट काढली होती. खालच्या वस्तीतली माणसं त्यानं पहाटेपासून दोन खेपांत बाहेर काढली. शेजाऱ्याची बैलजोडी दाव्यानं बोटीमागे पोहवत आणली. तिसऱ्या खेपेला बोटीनं दम सोडला. मोटार नुसती ओरडत होती आणि बोट जागची हलत नव्हती. कशीबशी काठाला लागली.

मी विचारलं, अजून कोण राहिलं आहे.

"बुढी," तो म्हणाला. "माही माय. कोठ्याच्या टिनावर बसून हाये."

त्याच्या आईला मी उन्हाळ्यात पाहिलं होतं. सत्तरीच्या पुढची, काटक बाई. शेतातल्या उंचवट्यावर जनावरांचा कोठा होता, तिथे त्यांची म्हैस बांधलेली होती. आदल्या दिवशी सगळे शिवारातून निघाले तेव्हा म्हशीला सोडून ती यायला तयार नव्हती. कोठा उंचावर आहे, पाणी तिथवर येत नाही, आजवर आलेलं नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून त्यानंही तिला शेवटच्या खेपेसाठी ठेवली. आता कोठ्यात म्हशीच्या पोटापर्यंत पाणी होतं आणि आई टिनावर.

सरकारी बोट दुसऱ्या गावी गुंतली होती, संध्याकाळच्या आत येण्यासारखी नव्हती. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं आणि ते चारच्या सुमारास इथे पोचणार होतं. मग टिनाचंही खरं नव्हतं.

मी पंखा गोणपाटात गुंडाळला, हत्यारांची पेटी जीपमध्ये टाकली आणि निघाले. आर्णीपुढे दोन ठिकाणी रस्त्यावर पाणी होतं. एका ठिकाणी पोलीस जाऊ देईना. मी खाली उतरून त्याच्याशी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानं सोडलं. गावाशी पोचले तेव्हा एक वाजून गेला होता.

गाव उंचावर होतं, शाळा त्याहून उंच. शाळेच्या ओसरीत बाहेर काढलेली माणसं बसली होती आणि चुलीवर मोठ्या गंजात चहाचं पाणी ठेवलेलं होतं. शाळेच्या खालीच पाणी सुरू होत होतं. नदी म्हणावं असं त्यात काही राहिलं नव्हतं, नुसता गढूळ पसारा वाहत होता. त्यात पराटीचे, म्हणजे कपाशीच्या झाडांचे, भारे, खताची पोती, एक अख्खी लाकडी खाट. त्या पसाऱ्यापलीकडे, अर्धा-पाऊण किलोमीटरवर, एक टिन दिसत होतं आणि त्यावर एक लाल ठिपका. ते तिचं लुगडं.

भाऊनं बोटीची मागची बाजू चिखलात ओढून मोटार वर उचलून ठेवली होती. त्यानं मला नमस्कार-चमत्कार काही केला नाही. नुसतं मोटारीकडे बोट दाखवलं आणि बाजूला झाला. तहसीलचे एक साहेब छत्री घेऊन उभे होते. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या जीपकडे पाहिलं. मेकॅनिक कुठे आहे, असं त्यांना विचारायचं होतं हे मला कळलं. मी त्यांच्या हातात टॉर्च दिला आणि म्हटलं, इथे धरा, हलवू नका.

आता हे लिहिताना मला स्वतःची चीड येते. कारण त्या साहेबांना दाखवून द्यायचं म्हणून मी त्या दिवशी हात जास्तच भरभर चालवला. तळाची जाळी सहा बोल्टांची. बोल्ट काढले, जाळी काढली, नट सोडला. नटाखाली आणि पंख्याच्या वरच्या अंगाला पातळ वायसर, म्हणजे चकत्या, होते, ते काढून डब्यात टाकले. जुना पंखा लाकडाच्या ठोकळ्यानं हळूहळू ठोकून बाहेर काढला. त्याची पाती चोखून संपवलेल्या गोळीसारखी गुळगुळीत झाली होती. तो चिखलानं माखलेला होता, मी तो तसाच बादलीत टाकला. पोतं होतं, जीपमध्ये. ते आणायला वीस पावलं चढावी लागली असती. मी मनात म्हटलं, आता विडी ओढायला वेळ नाही.

नवा पंखा दांड्यावर चढवताना थोडा घट्ट गेला. मला उलट समाधान वाटलं, घट्ट म्हणजे चांगलं माप. पंखा दांड्यावर घसरू नये म्हणून असते ती चावी बसवली, वायसर टाकले, नट कसला, जाळी लावली. पाऊण तासाचं काम मी अर्ध्या तासात केलं. साहेब म्हणाले, वा. खरं सांगते, मला ते आवडलं.

दोन वाजून गेले असतील. आम्ही बोट पाण्यात ढकलली. भाऊनं मोटार खाली सोडली आणि चालू केली. आवाज एकदम साफ आला, खणखणीत. शाळेच्या ओसरीतली माणसं उठून उभी राहिली. पलीकडे टिनावरचा लाल ठिपकाही उभा राहिला. भाऊनं वेग दिला.

बोट थरथरली. पुढे गेली नाही. त्यानं आणखी वेग दिला. बोटीच्या मागे पाण्याचा झोत दिसायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं. उलट तळाखालून, जाळीतून, पाणी भसाभस वर उसळत होतं. चिखल वर येत होता, बुडबुडे येत होते. पंप मागून ओढत होता आणि खाली फेकत होता.

उलटा चाललेला पंप मी शेकडो वेळा पाहिला आहे. काय झालं ते मला डोक्यानं कळायच्या आधी तोंडातून बाहेर पडलं. मी काठावरून ओरडले, "फेज पलटव. दोन तारा बदल."

भाऊनं मोटार बंद केली. माझ्याकडे पाहिलं. अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, हे पेट्रोलचं हाये."

पेट्रोलची मोटार एकाच बाजूला फिरते. तिला तारा नसतात, तिला फेज नसतात, तिची दिशा शेवटी ठरवता येत नाही. मी बादलीकडे धावले. जुना पंखा पाण्यात खळबळून वर काढला आणि पाती पाहिली. मग मोटार उचलायला लावून तिच्याखाली वाकून जाळीतून नव्याची पाती पाहिली. एक डावा हात, एक उजवा हात. शेजारी ठेवले असते तर आंधळ्यालाही दिसलं असतं.

मला भीती वाटली. साहेबांनी विचारलं, काय झालं. सगळे माझ्याकडे पाहत होते. भाऊ माझ्याकडे पाहत होता. आणि मी म्हटलं, "फाउंड्रीवाल्यानं उलटा बनवला."

साहेबांनी मान हलवली. हे लोक असेच, म्हणाले. भाऊनं पलीकडे पाहिलं. लाल ठिपका अजून उभाच होता.

मी म्हटलं, जुनाच परत घालते. भाऊनं एवढंच विचारलं, जुना ओढत नव्हता म्हणून तर तुम्हाला बोलावलं ना. बोट पुन्हा चिखलात ओढली, मोटार वर केली, सहा बोल्ट पुन्हा काढले. आणि नवा पंखा दांड्यावरून निघेना.

ज्या घट्टपणावर मी खूश झाले होते तोच आता मानगुटीवर बसला. ठोकळ्यानं ठोकला, हलला नाही. हातोडीनं जोरात मारावं तर दांडा वाकेल, आणि दांडा वाकला म्हणजे सगळं संपलं. दोन पहारींनी दोन्हीकडून ताणला. माझे हात घसरत होते. अंगठ्याचं नख उलटं झालं ते मला नंतर दिसलं. घड्याळ पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी साहेबांच्या मनगटाकडे नजर गेली. अडीच होऊन गेले होते.

ओसरीतून एक बाई म्हणाली की चहा तरी घ्या, हात गार पडले असतील. माझा पारा चढला होता. इथे माणूस टिनावर आहे आणि तुम्हाला चहा सुचतो, असं मी बोलणारच होते. तेवढ्यात मला गंज दिसला. खळखळ उकळणारं पाणी.

वर्कशॉपमध्ये जाम झालेलं बेअरिंग काढताना आम्ही दिव्यानं तापवतो. पितळेच्या जातीचा धातू लोखंडापेक्षा जास्त फुगतो. मी तिला म्हटलं, चहा राहू दे, गंज इकडे आण. दोघींनी पदरानं धरून गंज खाली आणला. मी तांब्यानं उकळतं पाणी पंख्यावर ओतत राहिले, एक, दोन, पाच, सात तांबे. पाणी माझ्याही मनगटावर पडत होतं. मग ठोकळा लावला आणि एकच ठोका दिला. पंखा सुटून माझ्या मांडीवर पडला. भाजला, पण मला तेव्हा तो फुलासारखा वाटला.

आता जुना. या वेळी मी वीस पावलं चढून पोतं आणलं. दोन्ही पंखे शेजारी ठेवले आणि पाहिलं. भाऊ माझ्या डोक्यावर उभा होता. तो म्हणाला, ताई, पाहून काय राह्यल्या. मी म्हटलं, एक मिनिट दे मला. त्यानं दिलं. त्या एका मिनिटात मला ते दिसलं जे मघापासून माझ्या हाताखालून जात होतं.

पंखा सरळ नळीसारखा नव्हता, खालच्या बाजूला किंचित निमुळता होता, आणि तो ज्या घरात फिरतो ते घरही तसंच निमुळतं. पाती झिजली म्हणजे पाती आणि घर यांच्यात फट पडली, त्या फटीतून पाणी मागे पळतं, म्हणून बोट ओढत नाही. पण पंखा थोडा खाली सरकवला तर तो घराच्या अरुंद भागात जाईल आणि फट कमी होईल. आणि सरकवायला लागतात ते वायसर. नटाच्या बाजूचे वायसर काढून पंख्याच्या वर टाकायचे, बस. बनवणाऱ्यानं ते त्यासाठीच दिले होते आणि मी ते नुसते काढले आणि घातले.

"कानस दे," मी म्हटलं. भाऊनं पेटीतून अर्धगोल कानस काढून दिली. पात्यांच्या बोथट कडांना मी धार लावली, तिन्ही पात्यांना सारखी, जमेल तितकी सारखी. तेवढ्यात त्यानं वायसर पुसून ठेवले. मी तीन वर टाकले, पंखा चढवला, हातानं फिरवला. घासला. काढला, एक वायसर परत खाली. पुन्हा चढवला. फटीचं माप घ्यायची पट्टी वर्कशॉपमध्ये राहिली होती, म्हणून हॅक्सॉ करवतीचं पातं फटीत घालून पाहिलं. ते जेमतेम सरकलं. सगळीकडून जेमतेम सरकलं. आमच्याकडे याला योग्य म्हणतात.

जाळी कसताना शेवटचा बोल्ट माझ्या बोटांत बसेना. तो भाऊनं लावला.

सव्वातीन. बोट पाण्यात. मोटार चालू. मी डोळे मिटले नाहीत, पण पलीकडेही पाहिलं नाही, फक्त बोटीच्या मागे पाहत राहिले. भाऊनं वेग दिला आणि झोत निघाला. फार मोठा नाही. उन्हाळ्यात पाहिला होता त्याच्या निम्मा असेल. पण सरळ, मागे. बोट काठापासून सुटली आणि प्रवाहाला तिरपी लागत हळूहळू पुढे जाऊ लागली.

ती खेप मी काठावर उभं राहून पाहिली. मध्ये एकदा एक पराटीचा भारा अंगावर आला तेव्हा बोट गोल फिरली आणि मोटारीचा आवाज बदलला. जाळीत काही अडकलं असेल तर आता माझ्याजवळ दुसरा कोणताच उपाय नव्हता. साहेब छत्री मिटवून उभे होते, त्यांनाही पाऊस जाणवत नव्हता बहुतेक. मग आवाज पुन्हा जड झाला, म्हणजे पंपानं पाणी धरलं. लाल ठिपका टिनावरून खाली आला आणि बोटीत दिसेनासा झाला.

चारला दहा मिनिटं असताना ते परत आले. भाऊनं आईला उचलून काठावर ठेवलं. तिचं लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं होतं, ओठ निळे पडले होते, पण डोळे टक्क उघडे. तिला शाळेच्या ओसरीत बसवलं, घोंगडी टाकली, चहा दिला. चारनंतर थोड्या वेळानं वरचं पाणी आलं. आवाज काही झाला नाही. पाणी फक्त रुंद होत गेलं आणि टिन बुडालं. सगळ्यांनी ते पाहिलं. तिनं पाहिलं नाही.

ती खालच्या अंगाला, प्रवाह ज्या पुलाकडे जात होता, त्या दिशेला पाहत होती. तिच्या हातात म्हशीचं दावं होतं, ओलं, नुसतं. म्हैस कुठे आहे हे तिला कोणी विचारलं नाही. तिनंच भाऊला विचारलं.

"मोटार मघा सुरू झालती. मंग बंद काहून पडली?"

भाऊनं चहाचा पेला खाली ठेवला. तो माझ्याकडे पाहील असं मला वाटलं, पण त्यानं पाहिलं नाही. पंखा उलटा होता, असं तो सांगायला लागला. आणि साहेब मध्येच म्हणाले की फाउंड्रीवाल्याची चूक, आज्जी, आम्ही त्याला बघू.

तो म्हातारा मिस्त्री माझ्या डोळ्यांसमोर आला. हातात पुठ्ठा घेऊन इकडून तिकडून पाहणारा. त्यानं विचारलं होतं. त्या सगळ्या प्रकारात विचारणारा तो एकटाच होता.

मी तिच्यासमोर खाली बसले. मी म्हटलं, "माय, फाउंड्रीवाल्याची चूक नाई. त्यानं मले पुसलतं. म्या ध्यान नाई देलं. आन बसवाच्या आंदी पाह्यलं बी नाई. माह्याच्यानं झालं हे."

साहेब दुसरीकडे पाहू लागले. ती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं, मला शिव्या पचतात.

ती म्हणाली, "पानी म्हशीच्या पाठीले लागलं तवा म्या टिनावरून वाकून दावं सोडून राह्यलती. खुट्याले बांधलेलं जनावर बुडू देत नाई आमी. तेवढ्यात मोटार वाजली. म्हटलं पोट्टा येऊन राह्यला, बोटीमागं पोहत येईन थे. म्हून थांबली. मंग बंद पडली. लय येळ बंदच. म्हटलं आता कोनी येत नाई. तवा सोडली."

तिनं घोट घेतला.

"पुन्हा वाजली तवा थे पुलाच्या तिकडं गेलती. माह्याकडं पाहत गेली."

भाऊ उठून ओसरीच्या टोकाला जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. मला रडू आलं. मी चारचौघांत रडत नाही, वडील गेले तेव्हाही मोरीत जाऊन रडले होते. तिथे मात्र सगळ्यांसमोर, नाक पुसत, बाई पंप उघडते म्हणून पाहत राहिलेल्या त्या गर्दीत रडले. तिनं मला समजावलं नाही. गप्प राहा असंही म्हटलं नाही. माझं होऊ दिलं.

मग तिनं मांडीवरचं दावं उचललं, त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतःच्या मुठीत घट्ट धरलं.

"धर," ती म्हणाली. "पिऊन गेलं हाये पानी. पिळून घेऊ. पुढच्या जनावराले लागन."

आम्ही दोघींनी ते ताणून पिळलं. त्यातून गढूळ पाणी निघत राहिलं, बराच वेळ.